समोर यायचं नाही

आमच्या घरात दोनच गोष्टींचा शब्द शेवटचा असे, कारखान्यातल्या पॉवर प्रेसचा आणि पंचांगाचा. त्या दोन्हींपुढे बाबा मान खाली घालत. बाकी कोणापुढे मान खाली घालायची त्यांना गरज उरली नव्हती. मुलुंड पश्चिमेला, गच्चीतून डोंगर दिसेल असा बंगला, दारात पांढरी अँबेसेडर, भांडुपला पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारा कारखाना. माझे आजोबा कोकणातून येऊन कापडगिरणीत मागापुढे उभे राहून म्हातारे झाले. बाबांनी एका भाड्याच्या गाळ्यातून हे सगळं उभं केलं. माणूस कर्तबगार होता, यात वाद नाही. फक्त त्यांना एक भीती होती, आणि ती भीती म्हणजे मी.

मी मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्मलो. हे काय असतं ते ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत, पण थोडक्यात सांगतो. असं मूल बापाच्या जिवावर येतं, असं मानतात. तेच नक्षत्र पुन्हा फिरून आलं की शांत करायची, आणि तोवर बापाने मुलाचं तोंड बघायचं नाही. शांतीच्या दिवशीसुद्धा एकदम थेट नाही. काशाच्या भांड्यात तेल ओतायचं, त्यात पडलेलं मुलाचं प्रतिबिंब आधी बघायचं, मग दोष जातो.

आई गिरगावात वाढलेली, तिला यातलं काही पटत नव्हतं. बाबा प्रसूतिगृहात आले आणि दाराशीच पाठ करून उभे राहिले, तेव्हा तिने हौसेने हाक मारली आणि दुपटं बाजूला करून मला दाखवलं. बाबांनी वळून पाहिलं. त्याच आठवड्यात प्रेसमध्ये अडकलेला पत्रा काढताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या काळात प्रेसच्या धंद्यात सगळी बोटं शाबूत असलेला माणूस शोधावा लागे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ. पण फांदी ज्याच्या अंगावर पडते त्याला हे सांगून पटत नाही.

पुढे शांत यथासांग झाली. तेलात माझं तोंड पाहून झालं. भटजी म्हणाले, दोष गेला, आता खुशाल मांडीवर घ्या. भटजींच्या म्हणण्याने बोटं काही परत आली नाहीत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमचे बाबा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. थेट पाहिलं तेव्हा बोटं गेली, तेलातून पाहिलं तेव्हा काही झालं नाही, एवढं त्यांनी मनात पक्कं धरलं. तेव्हा या पोराला बघायचं तर कशातून तरीच बघायचं, असा नियम त्यांनी स्वतःच काढला. तो कुठल्या पोथीत नाही. मी मोठा झाल्यावर विचारून पाहिलं आहे.

ते मला कपाटाच्या आरशात बघत. गाडीत मी मागे बसलो असेन तर पुढच्या छोट्या आरशात बघत. आमच्या गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आमच्याकडे आला, आणि तो बंद असला की त्याच्या काळ्या काचेत बघत. मी जमिनीवर बसून गृहपाठ करायचो आणि एकदम जाणवायचं की खोलीत कोणी तरी थांबलं आहे. वर बघायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. मी वहीतल्या त्याच ओळीवर पेन फिरवत बसायचो. थोड्या वेळाने चामड्याच्या चपला करकरत निघून जायच्या.

शिकवणारी होती आत्या. बाबांची थोरली बहीण, विधवा झाल्यावर आमच्याकडेच राहिलेली आणि घराच्या किल्ल्या कनवटीला लावून फिरणारी. सकाळी बाबांचा चहा झाला की तिचा आवाज यायचा, "बापूस भायर पडता हा. आत जा मरे!" ‘मरे’ म्हणजे आमच्या बोलीतलं ‘ना रे’. मी धावत जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जायचो. तिथे रिकामे डबे, मोडका पाळणा आणि मी. बाबांच्या किल्ल्यांचा आवाज, खाकरणं, गाडीचं दार, मग फाटक. फाटक लागलं की मी बाहेर यायचो आणि शाळेला जायचो. बाबांची पाठ मला चांगली ओळखीची होती. सदऱ्याला कुठे घाम येतो, मानेवर कुठे तीळ आहे, सगळं मी सांगू शकलो असतो. डोळ्यांचा रंग मात्र मला माहीत नव्हता.

मुलं बापाला घाबरतात, त्यात नवल नाही. माझं दुखणं वेगळं होतं. मी स्वतःलाच घाबरायचो. माझ्या तोंडात काही तरी आहे, जसं काही सापांच्या तोंडात असतं, आणि ते माझ्या नकळत बाबांना चावेल, असं मला खरोखर वाटे. बाबांना यायला उशीर झाला की मी दिवसभरातलं आठवत बसायचो: सकाळी खिडकीतून गाडीकडे बघितलं होतं का? पाठीला बघितलं तर चालतं का? ताप आला तर आईला सांगायचो नाही, कारण ताप आला की बाबा खोलीच्या दारापर्यंत येत. पैशाला तोटा नव्हता. चावीची गाडी नको म्हटलं तर बॅटरीची येई, क्रिकेटचं सगळं सामान एकदम येई. ड्रायव्हर ते आणून माझ्या पलंगावर ठेवी. ते बाबांनी आणलं की आईने सांगून मागवलं, हे मला कळायचं नाही आणि मी विचारायचो नाही.

चौथीत असताना मला फळ्यावरचं दिसेनासं झालं. आईने डोळे तपासून घेऊन चष्मा करून आणला. काळ्या काड्यांचा, जाड काचेचा. आरशात बघितलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. काच! बाबा मला नेहमी काचेतूनच बघतात. आता माझ्याच डोळ्यांपुढे काच आहे. म्हणजे आता मी समोर गेलो तरी ते काचेतूनच बघितल्यासारखं होणार. हे इतके दिवस कोणाला कसं सुचलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. रात्रभर मी चष्मा उशाशी ठेवून झोपलो. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आत्याने त्यावर तिथल्या तिथे पाणी ओतलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याची हाक आली आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो नाही. व्हरांड्यात पायरीशी उभा राहिलो. गणवेश घातलेला, चष्मा नीट नाकावर बसवलेला. मला खात्री होती. बाबा किल्ल्या बोटात फिरवत दारातून बाहेर आले आणि माझ्यासमोर थबकले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थेट. त्यांचे डोळे घारे होते. माझेही घारेच आहेत, आणि ते कोणाकडून आले हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी हसलो. मी सांगणारच होतो, बाबा, चष्मा आहे, चालतं. तेवढ्यात त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. किल्ल्या खाली पडल्या. इतक्या मोठ्या माणसाला घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते ज्याला घाबरले होते तो मी होतो.

"गो ताय," ते आत वळून म्हणाले, "पाणी हाड वायच."

ते आत जाऊन बसले. वाईट शकुन झाला की परत घरात जायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं, तसं त्यांनी केलं. निघाले ते मागच्या दाराने. आत्याने माझं बखोट धरलं. "काय केलंस रे मेल्या!" एवढंच ती म्हणाली. ती मला मारील असं वाटलं होतं. तिने मारलं नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

शाळेत मी त्या दिवशी काय केलं ते आठवत नाही. दुपारी घरी आलो तेव्हा ड्रायव्हर दाराशी उभा होता आणि आई चपला शोधत होती. चपला तिच्या पायातच होत्या.

"साहेबांना छातीत कळ आली," ड्रायव्हर सांगत होता. "नवीन प्रेस बसवत होते ना, तिथेच खाली बसले. घामाने नुसते निथळत होते वहिनी. हॉस्पिटलात घातलंय. चला लवकर."

आत्या देवघराच्या उंबऱ्यावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळीच समोर इलो. माका तेव्हाच कळला."

बाबांना डॉक्टरांनी सिगारेटी सोडायला कधीच बजावलं होतं आणि ते रोज नवीन पाकीट फोडत होते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी उपयोग नव्हता. मी चष्मा काढून डब्यात ठेवला आणि अडगळीच्या खोलीत जाऊन बसलो. मी बाबांना मारलं होतं. अजून मेले नव्हते, पण मारलं होतं. फोनची घंटा वाजली की मी कानात बोटं घालायचो. घंटा थांबल्यावर घरात रडणं ऐकू येतं का, ते ऐकायला बोटं काढायचो, आणि बोटं काढायचीच भीती वाटायची. जेवण आत्या दाराशी ठेवून जाई. ते तसंच राही.

दुसऱ्या दिवशी आई हॉस्पिटलातून कपडे बदलायला आली तेव्हा मी तिला म्हणालो, "माझ्या डोळ्यांवर काही तरी बांध."

"का रे?"

"उघडे राहिले तर बाबा मरतील."

आई खाली बसली. तिने मला जवळ ओढलं आणि रडायला लागली. "तू काही नाही केलंस," ती म्हणत राहिली. "दुपटं मी बाजूला केलं होतं. मी दाखवलं होतं तुला." मग मला समजलं की हिलाही तेच वाटतं. आईचा यावर विश्वास नाही, हा माझा एकुलता एक आधार होता, आणि तो त्या दुपारी गेला.

नंतर बाबांनी मला बोलावलं. निरोप ड्रायव्हरने कारखान्याकडे जाता जाता दिला. साहेब म्हणतात, पोराला घेऊन या. आत्या आडवी झाली. "तेका न्हेव नको. आधीच काय कमी झाला?" आईने माझा हात धरला, रस्त्यावर आली आणि रिक्षा थांबवली. इतक्या वर्षांत आत्याचा शब्द तिने मोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांपासूनच मी डोळे मिटले. आईने हाताला धरून नेलं. फिनेलचा वास, कोणाचं तरी कण्हणं, लोखंडी ट्रॉलीची कुरकुर. एका दाराशी आई थांबली, मग मला पुढे केलं.

"इलंस?" बाबांचा आवाज होता, पण दोऱ्यासारखा बारीक झालेला.

"हो."

"हय ये."

मी चाचपडत गेलो. माझ्या गुडघ्याला पलंग लागला. मग माझ्या गालावर एक हात आला. बोटं कमी होती, म्हणजे तोच हात. त्या हाताने मला कधी शिवल्याचं मला आठवत नव्हतं. तो खरखरीत होता आणि गार होता.

"एकदा बघ मरे माज्याकडे," ते म्हणाले. "काय होवचा नाय."

मला बघायचं होतं. मला दुसरं काही नकोच होतं. ते घारे डोळे पुन्हा एकदा बघायचे होते, आणि या वेळी ते स्वतःहून बोलावत होते. मागून आई म्हणाली, "बघ रे बाळा." पण मी बघितलं आणि हा हात गालावरून गळून पडला तर? मी पापण्या इतक्या आवळल्या की डोळ्यांपुढे लाल-हिरवे ठिपके नाचायला लागले. मी मान हलवून नाही म्हटलं.

"बरां," बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे." हात गेला.

बाबा वाचले. सिगारेटी सुटल्या, जेवणातलं मीठ गेलं, आणि ते घरी आले. भेटायला भांडुपचे, गावचे, धंद्यातले लोक येत. दिवाणखान्यात तक्क्याला टेकून बाबा त्यांना एकच गोष्ट सांगत. डॉक्टरांचं नाव त्यात नसे. "माज्या झिलान माका वाचवल्यान. मी बघ म्हटलंय, तरी हेना डोळे मिटल्यान, म्हणान मी आज हय बसलंय. पोरगो शाणो." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत. मी दाराच्या पडद्याआड उभा राहून ऐकायचो. बाबांनी केलेली माझी ती पहिली स्तुती. मला हुरळून जायला हवं होतं आणि मी गेलोही, खोटं कशाला बोलू. पण बेंबीपाशी एक गार जागा तशीच राहिली होती.

आत्याचा सूर तर पार फिरला. ज्याचं तोंड अशुभ, त्याचेच मिटलेले डोळे आता शुभ ठरले. बाबा पुन्हा कारखान्यात जायला लागले त्या दिवशी तिने हाक मारली, "बापूस भायर पडता हा. ये मरे, समोर उभो ऱ्हव. डोळे मीट." मी पायरीशी डोळे मिटून उभा राहिलो. चपला करकरत जवळ आल्या, थांबल्या. डोक्यावर तो हात आला. थोडा वेळ राहिला. मग गाडीचं दार वाजलं.

तो रोजचा नेम झाला. अडगळीच्या खोलीऐवजी मला पायरी मिळाली. माझी भीती मात्र तिथेच राहिली, उलट वाढली. आधी मला फक्त लपायचं असे. आता एक जीव माझ्या पापण्यांवर उभा होता. शिंक आली तर? माशी बसली तर? मी अंघोळीच्या वेळी डोळ्यांत साबण जाऊ देऊन ते मिटून ठेवायचा सराव करायचो. शाळेत सर हाक मारायचे आणि माझं लक्ष नसायचं, कारण मी आपला उद्याची सकाळ मनात घडवून बघत असायचो.

पण एक सुख होतं, ते सांगायलाच हवं. माझे डोळे मिटलेले, म्हणजे बाबांना आता आरसा नको, तेल नको, टीव्हीची काच नको. आता ते मला नीट बघू शकतात, हवं तेवढं, समोरासमोर. म्हणून मी रोज केसांना पाणी लावून भांग पाडायचो. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायचो. दात पडला होता तेव्हा ओठ थोडे उघडे ठेवून उभा राहिलो, म्हणजे त्यांना ती फट दिसावी. उंची वाढलेली दिसावी म्हणून टाचा किंचित उचलायचो. दिवसातला तो एवढासा वेळ मी बाबांना दिसायचो, आणि त्यासाठी मला बाकीचा सगळा दिवस घाबरायला चालत होतं.

थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. हात डोक्यावर आला आणि नेहमीच्या वेळी उचलला गेला नाही. वरून येणारा श्वास लागल्यासारखा वाटत होता. मला हॉस्पिटल आठवलं, प्रेसशेजारी खाली बसलेले बाबा डोळ्यांपुढे आले, आणि वाटलं, पडले, आता पडले. धरायला हवं. मी डोळे उघडले.

बाबा पडत नव्हते. ते माझ्यासमोर ताठ उभे होते, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. घट्ट, सुई टोचायच्या आधी लहान मूल मिटतं तसे, कपाळाला आठ्या घालून. ओठ काही तरी पुटपुटत होते. कानामागे दाढीचा साबण राहिला होता. हात माझ्या डोक्यावर होता, पण मान बाजूला वळवलेली होती, तापलेल्या तव्याजवळून वळवतो तशी. एकदाच नव्हे, रोज असंच होत असणार, हे मला कोणी न सांगता कळलं.

मी त्यांचं तोंड पुरतं पाहून घेतलं. मग त्यांनी डोळे उघडायच्या आत मी माझे मिटले.